मुलांच्या मनाचा शीण

थकवा आणि शीण हे दोन शब्द आपण बोलण्यात एकाच अर्थाने वापरतो. परंतु मुलांचा विचार करताना त्यांची फारकत करणे अवश्य आहे. संक्रांतीच्या दिवशी गच्चीवर दिवसभर पतंग उडवून आलेले मूल थकलेले असते. त्याला कडकडून भूक लागते, ताटावर बसल्या बसल्याच त्याच्या डोळ्यांवर झापड येते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते टवटवीत होऊन उठते. हा थकवा होय. अन्न आणि झोप एवढेच त्याचे औषध आहे, आणि ते निसर्ग स्वतःच देतो. दुसरे एक मूल असे असते की, ते रविवारी दहा वाजेपर्यंत झोपले तरी उठताना मलूलच असते. पूर्वी ज्या रंगपेटीसाठी ते हट्ट करी, तिच्यावर आता धूळ बसली आहे. सोमवार उजाडला की त्याचे पोट दुखते, आणि शाळेला सुट्टी जाहीर झाली की ते दुखणे थांबते. हा शीण होय. तो शरीराचा नसून मनाचा असतो, म्हणून एका रात्रीच्या झोपेने तो उतरत नाही.

या मनाच्या शिणाचा शास्त्रीय विचार प्रथम मोठ्या माणसांच्या बाबतीत झाला. न्यूयॉर्क येथील मोफत दवाखान्यात काम करणारे मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर यांनी १९७४ मध्ये एका लेखात आपल्या सहकाऱ्यांची अवस्था वर्णन केली. मोठ्या उमेदीने सेवेला आलेली ही तरुण मंडळी काही काळाने चिडचिडी, उदास आणि कामाविषयी बेफिकीर होत. या अवस्थेला त्यांनी ‘बर्नआउट’ असे नाव दिले. आपल्याकडे समईचे तेल सरले म्हणजे वातच जळू लागते. ही उपमा त्या शब्दाच्या पुष्कळच जवळ जाते. पुढे अमेरिकेतील विदुषी क्रिस्टिना मास्लाक यांनी या अवस्थेची तीन अंगे सांगितली आणि १९८१ मध्ये सुझन जॅक्सन यांच्यासह तिच्या मोजमापाची प्रश्नावली प्रसिद्ध केली. पहिले अंग म्हणजे संपून गेल्याची भावना, दुसरे कामाविषयी तुटलेपणा, आणि तिसरे आपल्या हातून काहीच नीट होत नाही अशी खंत.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये या अवस्थेची व्याख्या केली, तेव्हा ती नोकरी-व्यवसायापुरतीच मर्यादित ठेवली आणि तिला रोग असे म्हटले नाही. यावर कोणी म्हणेल की, मग मुलांचा येथे संबंध काय? मुले कोठे नोकरी करतात? परंतु मुलाचा दिवस डोळ्यांपुढे आणून पाहावा. ठरलेल्या वेळी हजर राहणे, वरिष्ठांनी नेमून दिलेले काम पुरे करणे, त्या कामाची तपासणी होणे आणि तीवरून आपली किंमत ठरणे, हे सर्व शाळेत घडतेच. फिनलंडमधील काटारीना साल्मेला-आरो प्रभृती संशोधकांनी २००९ मध्ये शालेय विद्यार्थ्यांसाठी अशीच एक प्रश्नावली तयार केली. तीतही तीच तीन अंगे आहेत: अभ्यासाने आलेला शीण, शाळेविषयी वाटणारी निरर्थकता आणि विद्यार्थी म्हणून आपण अपुरे आहोत ही भावना. तेव्हा नाव कोणतेही द्यावे, वस्तू खरी आहे.

तीन ओझी

हा शीण कशामुळे येतो, याचे उत्तर शोधताना आपल्या विदर्भातीलच एक घटना स्मरण्याजोगी आहे. २०१६ च्या ऑगस्ट महिन्यात चंद्रपूर येथे सातवीत शिकणाऱ्या दोन मुलांनी चक्क पत्रकार परिषद घेतली. आठ तासिकांसाठी आम्हांला रोज सोळा आणि कधीकधी त्याहूनही अधिक वह्या-पुस्तके न्यावी लागतात, दप्तराचे वजन पाच ते सात किलो भरते आणि तिसऱ्या मजल्यावरील वर्गापर्यंत ते चढवता चढवता आम्ही दमून जातो, असे त्यांचे म्हणणे होते. बारा वर्षांच्या मुलांना आपले गाऱ्हाणे वर्तमानपत्रांपुढे मांडावे लागले, हा विषय हसण्यावारी नेण्यासारखा खचित नव्हे. त्यापूर्वी एकच वर्ष, म्हणजे २०१५ मध्ये, दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक नसावे असा आदेश राज्य शासनाने काढलेला होता. आदेश मुंबईत निघाला, पण चंद्रपूरच्या जिन्यापर्यंत तो पोहोचला नव्हता, इतकाच याचा अर्थ.

दप्तराच्या ओझ्याची चर्चा तशी जुनीच आहे. विख्यात कादंबरीकार आर. के. नारायण हे राज्यसभेचे सदस्य असताना १९८९ मध्ये त्यांनी आपल्या पहिल्याच भाषणात मुलांच्या पाठीवरील दप्तरांचा प्रश्न मांडला. पुढे केंद्र सरकारने शास्त्रज्ञ प्रा. यशपाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि त्या समितीने १९९३ मध्ये आपला अहवाल दिला. या अहवालातील सर्वांत मोलाचा विचार असा की, पाठीवरच्या ओझ्याहून न समजण्याचे ओझे अधिक घातक असते. जे समजले ते हलके होते. जे न समजता नुसते वाहावे लागते, ते दिवसेंदिवस जड होत जाते. अपूर्णांक न कळलेल्या मुलापुढे बीजगणित येते, बीजगणित न कळलेल्यापुढे त्रिकोणमिती येते आणि प्रत्येक इयत्तेत मागील थकबाकीवर नवे व्याज चढते. असे मूल वर्गात बसलेले असते, फळ्यावरचे उतरवूनही घेते. परंतु दिवसभर परक्या मुलखात वावरावे तसे ते वावरते. भाषा न कळणाऱ्या गावात दिवस काढून संध्याकाळी आपल्याला जो शीण येतो, त्याची आठवण केली म्हणजे या मुलाची अवस्था ध्यानात येईल.

या दोहोंत आज एका तिसऱ्या ओझ्याची भर पडली आहे. ते आशेचे ओझे होय. नागपूर हे अवघ्या मध्य भारतातील विद्यार्थ्यांचे केंद्र झाले आहे. वैद्यकीय आणि अभियांत्रिकी प्रवेशपरीक्षांचे वर्ग शहराच्या भागाभागांत आहेत आणि गोंदिया, गडचिरोली, यवतमाळपासून मुले येथे खोली करून किंवा वसतिगृहात राहून शिकतात. आता या आशेचे गणित पाहू. २०२४ मध्ये वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेला देशभरातून २३ लाखांहून अधिक विद्यार्थी बसले. एमबीबीएसच्या जागा होत्या एक लाखाच्या थोड्या वर. म्हणजे बावीस-तेवीस मुलांपैकी जेमतेम एकाला जागा मिळणार, हे परीक्षेआधीच ठरलेले होते. उरलेली एकवीस-बावीस मुले आळशी होती असे कोणी म्हणू शकेल काय? जागाच तेवढ्या आहेत. परंतु घराघरांत या निकालाचा अर्थ ‘तू कमी पडलास’ असाच लावला जातो, आणि सतरा वर्षांचे मूल तो खरा मानते.

आणि ही तयारी आता बारावीला किंवा अकरावीलाही सुरू होत नाही. ‘पाया पक्का’ करण्याच्या नावाखाली आठवीपासूनच मुले क्लासला जाऊ लागली आहेत. काही जण अकरावीला एखाद्या कनिष्ठ महाविद्यालयात नावापुरता प्रवेश घेतात आणि सारा वेळ क्लासमध्ये घालवतात. याला आळा बसावा म्हणून २०१८ मध्ये राज्य शासनाने विज्ञान शाखेसाठी बायोमेट्रिक हजेरीचा नियम केला. केंद्र सरकारने जानेवारी २०२४ मध्ये शिकवणी वर्गांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत सोळा वर्षांखालील विद्यार्थ्यांना प्रवेश देऊ नये आणि दिवसाला पाच तासांहून अधिक वर्ग घेऊ नयेत असे सांगितले आहे. नियम आहेत, परंतु मागणी पालकांचीच असेल, तर नियम एकटा काय करील?

दिवसाचा हिशेब

मनाचा शीण हा कामाने येतो असे म्हणणे अर्धसत्य आहे. श्रमामागून विश्रांती मिळत गेली, तर श्रमाने माणूस बळकटच होतो. परीक्षेआधी थोडी धडधड होणे, स्पर्धेत उतरताना पोटात गोळा येणे, हा ताण मुलांना इजा करीत नाही. उलट तो त्यांना सावध करतो. ताण पडला म्हणजे शरीर काही द्रव्ये निर्माण करते, हृदयाची गती वाढते, लक्ष एकाग्र होते. प्रसंग सरला की सारे पूर्ववत होते. बिघाड होतो तो हे पूर्ववत होण्याला सवडच न मिळाल्यामुळे. धनुष्याची दोरी कामापुरती ओढावी, एरवी उतरून ठेवावी. ती अष्टौप्रहर ताणलेली ठेवली तर धनुष्यच निकामी होते.

आता नागपूरच्या एखाद्या नववीतील मुलीच्या दिवसाचा हिशेब करून पाहू. समजा, तिची शाळा सकाळी साडेसातची आहे. स्कूल व्हॅन पावणेसातला दारात येते, तेव्हा सहाला उठणे आले. दुपारी घरी येऊन जेवण होते न होते तोच चार वाजता शिकवणी. तेथून सात वाजता परत. मग शाळेचा गृहपाठ, शिकवणीचा गृहपाठ आणि दोन घास. अंथरुणाला पाठ टेकेपर्यंत साडेअकरा होतात. झोप झाली साडेसहा तास. या विषयातील तज्ज्ञांनी २०१६ मध्ये ठरविलेले प्रमाण असे आहे: सहा ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ ते बारा तास आणि तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप हवी. म्हणजे ही मुलगी रोज किमान दीड तासाचे कर्ज काढते. सहा दिवसांत नऊ तासांचे कर्ज होते, आणि ते एका रविवारी फिटत नाही. बरे, लवकर झोप म्हणावे, तर पौगंडावस्थेत झोप आणणारे मेलाटोनिन हे द्रव्य रात्री उशिरा स्रवू लागते, त्यामुळे या वयाच्या मुलांना लवकर झोप लागतच नाही. तो त्यांचा द्वाडपणा नव्हे, वयाचा धर्म आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य शासनाने पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊपूर्वी भरवू नयेत असा निर्णय केला. तो योग्यच आहे. परंतु ज्या वयात पहाटे उठणे सर्वांत कठीण जाते, ते माध्यमिक शाळेचे वय त्यात आलेले नाही.

या हिशेबात आपल्या हवेचाही विचार केला पाहिजे. मुंबई-पुण्याचे मूल दुपारी चार वाजता मैदानावर जाऊ शकते; आपल्याकडे मार्च संपला की चारचे ऊन अंगावर घेण्यासारखे नसते. म्हणूनच विदर्भातील शाळा उन्हाळ्यात सकाळच्या होतात आणि जूनमध्ये उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात. वर्षातील कित्येक महिने आपल्या मुलांना खेळायला संध्याकाळचे दोनच तास मिळतात. आणि नेमकी तीच वेळ आपण शिकवणीला दिली आहे! पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना रोज सरासरी एक तास अंग घामाघूम होईल अशी हालचाल हवी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तो तास नागपूरच्या मुलाने कोठून काढावा, हे कोणीच सांगत नाही. मग उरलेला वेळ मोबाईलवर जातो. मोबाईलने मन रमते, पण विसावत नाही. डोळे आणि लक्ष तेथेही राबतच असतात.

पोळ्याची रीत येथे आठवावी. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपला शेतकरी बैलाचे खांदे तुपा-हळदीने चोळतो, शेकतो. आणि पोळ्याच्या दिवशी त्याच्या मानेवर जू ठेवीत नाही. ज्याच्या खांद्यावर वर्षभर ओझे असते, त्याच्या खांद्याची विचारपूस करावी, ही जाण त्यामागे आहे. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा येतो आणि नागपूरची मुले लाकडी नंदी सजवून मिरवतात. त्या मुलांच्या खांद्यांची विचारपूस करण्याचा दिवस मात्र आपल्या पंचांगात अजून यायचा आहे.

पालकांची बाजू

हे वाचून काही पालक म्हणतील, ‘आम्हीही कंदिलाच्या उजेडात अभ्यास केला, मैलोगणती चालत शाळेत गेलो, आम्हांला नाही कसला शीण आला!’ या म्हणण्यात तथ्य आहे. परंतु त्या चालण्यात सोबती होते, वाटेत चिंचा-बोरे होती आणि घरी आल्यावर दप्तर खुंटीला लावले की दिवस आपला होता. कष्ट होते, पण त्यांना काठ होता. आजच्या मुलाच्या अभ्यासाला काठ उरलेला नाही.

पालकांना क्रूर ठरविणेही अन्यायाचे होईल. ज्यांच्या शेतीचा भरवसा नाही आणि ज्यांची नोकरी कंत्राटी आहे, त्यांना मुलाचे शिक्षण हाच एकुलता एक आधार वाटतो. त्यांच्या आग्रहाच्या मुळाशी भीती आहे, आणि ती भीती खोटी नाही. परंतु भीतीने घेतलेला निर्णय हिशेबाला उतरतो की नाही, हे तपासले पाहिजे. शिणलेले मूल चार तास पुस्तकापुढे बसून जेवढे ग्रहण करते, तेवढे ताजेतवाने मूल पुष्कळ कमी वेळात करते. जे शिकले ते स्मरणात पक्के होण्याचे काम झोपेत चालते. तेव्हा झोप तोडून अभ्यास वाढविणे म्हणजे बियाणे विकून खत घेण्यासारखे आहे.

आणखी एका वर्गाकडे दुर्लक्ष होऊ नये. शिकवणीला न जाणारे, पण शाळा सुटल्यावर दुकानात राबणारे किंवा धाकट्या भावंडांना सांभाळून स्वयंपाक उरकणारे मूलही शिणतेच. त्याचा शीण दिसत नाही, कारण ते तक्रार करीत नाही. एके दिवशी हजेरीपटावरून त्याचे नाव नाहीसे होते.

ओळख आणि उपाय

शीण ओळखावा कसा? एकटे लक्षण फसवे असते, बदल पाहावा. हसरे मूल सहा-आठ आठवडे गप्प राहू लागले, क्षुल्लक गोष्टीवरून रडू किंवा भांडू लागले, वारंवार डोके वा पोट दुखते म्हणू लागले, आवडीचे खेळ-छंद आपण होऊन सोडू लागले, अभ्यासाला अधिक वेळ देऊनही मागे पडू लागले आणि ‘काय फरक पडतो?’ हे त्याचे पालुपद झाले, तर सावध व्हावे. त्याला आळशी म्हणण्याची घाई करू नये. प्रथम डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी. कारण रक्तक्षय, दृष्टिदोष, थायरॉइडचे विकार, वाचन-लेखनातील अक्षमता किंवा नैराश्याचा आजार यांचीही लक्षणे अशीच असू शकतात. शाळेत कोणी छळत नाही ना, याचीही हळुवारपणे चौकशी करावी.

उपायांना पैसा लागत नाही, निश्चय लागतो. पहिला उपाय झोपेचा. झोपेची वेळ आधी ठरवावी आणि अभ्यास उरलेल्या वेळात बसवावा. आज आपण याच्या उलट करतो. दुसरा उपाय वजाबाकीचा. शिणलेल्या मुलाच्या दिवसात योगवर्ग किंवा छंदवर्ग वाढवून काही साधत नाही. आधी एखादी शिकवणी कमी करावी. कोणती, ते मुलालाच विचारावे. कारण आपल्या दिवसावर आपला काही अधिकार आहे, ही जाणीवच निम्मे औषध आहे. तिसरा उपाय न समजण्याचे ओझे उतरविण्याचा. मूल कोठे अडले आहे ते शिक्षकांच्या मदतीने शोधून, लाज न बाळगता दोन इयत्ता मागे जावे लागले तरी जावे. चौथा उपाय शाळेने करावयाचा. केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणानुसार दुसरीपर्यंत गृहपाठ नसावा, तिसरी ते पाचवीला आठवड्यास दोन तास आणि सहावी ते आठवीला रोज एक तासापर्यंत असावा. पालकसभेत इतर विषयांबरोबर हा हिशेबही मागावा.

पाचवी गोष्ट सर्वांत निकडीची आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या आणि त्यांत सर्वाधिक, १,७६४, आपल्या महाराष्ट्रातील होत्या. यांतील प्रत्येकामागे अभ्यासच होता असे नाही. अशा घटनांना अनेक कारणे असतात. परंतु मूल ‘मला जगावेसे वाटत नाही’, ‘मी नसलो तर बरे’ असे बोलले, तर ते नाटक समजू नये. त्याला एकटे सोडू नये, रागावू नये, उपदेश करू नये. शांतपणे ऐकून घ्यावे आणि त्याच दिवशी तज्ज्ञांकडे न्यावे. नागपुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, प्रादेशिक मनोरुग्णालय आणि एम्स येथे मानसोपचाराची सोय आहे. २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य सल्ला मिळतो, आणि संकटातील मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे. मानसोपचार म्हणजे वेडावरचा इलाज ही समजूत आता सोडली पाहिजे. दातदुखीला दंतवैद्य, तसा मनाच्या दुखण्याला मनोवैद्य.

आपल्या नागपूरपासून हाकेच्या अंतरावर, वर्धा येथे १९३७ च्या ऑक्टोबरात महात्माजींच्या पुढाकाराने शिक्षण परिषद भरली आणि नयी तालीम पुढे आली. हात, डोके आणि हृदय यांनी मिळून शिकावे, हे तिचे सूत्र होते. तिच्या तपशिलाविषयी मतभेद असतील. परंतु डोक्यालाच सारा दिवस जुंपून हात आणि हृदय रिकामे ठेवले म्हणजे मूल कोमेजते, हा तिच्यातील इशारा आज अधिकच खरा ठरला आहे. १९८९ च्या बालहक्क संहितेने विश्रांती आणि खेळ यांना मुलांचा हक्क म्हटले, आणि १९९२ मध्ये भारताने ती मान्य केली. म्हणजे मोकळी संध्याकाळ ही आपण मुलांवर करावयाची मेहेरबानी नाही. ते त्यांचे आपल्याकडे असलेले देणे आहे.

निकाल लागतात, विसरले जातात. पण घरात आपले ऐकणारे कोणी होते की नव्हते, हे मूल जन्मभर विसरत नाही. यंदाच्या सुट्टीत गुणपत्रिका पाहून झाली म्हणजे प्रत्येक पालकाने मुलाला आणखी एकच प्रश्न विचारावा: ‘बाळ, तुला फार शीण तर नाही ना होत?’ आणि उत्तर मिळेपर्यंत थांबावे.